वधूच्या ओळी कोणी वाचायच्या?

मी सभेत फक्त एक प्रश्न विचारला होता. हे आधीच नमूद करून ठेवते, कारण पुढे आमच्या मंडळीत असा समज पसरला की ते सगळे प्रकरण मीच उभे केले. मी काहीही उभे केले नाही. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे बाटलीच्या चिठ्ठीवर एक लिहिलेले असले आणि आत दुसरेच निघाले, तर विचारावे लागते. ही सवय मी चर्चच्या कार्यकारी समितीत घेऊन गेले, एवढाच माझा गुन्हा.

आमच्या चर्चमध्ये वर्षातला एक रविवार विवाहितांचा असतो. जोडपी शेजारी शेजारी बसतात, संसाराबद्दल देवाचे आभार मानले जातात आणि प्रेमाविषयीचा एक नेहमीचा उतारा वाचला जातो. तो उतारा सुंदर आहे, पण सगळ्यांना इतका पाठ आहे की तो चालू असताना निम्म्या बायका घरी गॅस बंद केला होता की नाही हे आठवत असतात. यंदा आमच्या नव्या, तरुण पाळकांनी सुचवले, "पवित्र शास्त्रात एक अख्खं प्रेमकाव्य आहे. ते आपण कधी वाचतच नाही. या वर्षी ते वाचूया का?"

समितीतल्या प्रत्येकाने शेजारच्याकडे पाहिले. ज्यांना बायबलमधले ते काव्य माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्यात एक वर आहे, एक वधू आहे, आणि दोघे आळीपाळीने एकमेकांच्या रूपाचे वर्णन करतात. सुरुवात डोक्यापासून होते आणि पुढे जाताना घाई केली जात नाही. देवाचे नाव त्यात शोधावे लागते. संसारातल्या जबाबदाऱ्यांचे तर शोधूनही सापडत नाही.

शेवटी हेडमास्तर बोलले. ते आता निवृत्त आहेत, पण सगळे त्यांना हेडमास्तरच म्हणतात. आयुष्यभर त्यांनी भूमिती शिकवली. "माझा आक्षेप नाही," ते म्हणाले, "पण अर्थ आधी सांगून मग वाचावं. वर म्हणजे प्रभू आणि वधू म्हणजे मंडळी. पूर्वापार हाच अर्थ चालत आलाय. त्यात दुसरं काहीही नाही."

मी समितीची चिटणीस. इतिवृत्त लिहिताना वाक्य अर्धवट राहू नये म्हणून मी विचारले, "मंडळी म्हणजे आपण सगळे ना?"

"अर्थात."

"पुरुषसुद्धा?"

"सगळे म्हणजे सगळे, बाई."

"मग वधूच्या ओळी पुरुषांनीही वाचायच्या का?"

हाच तो प्रश्न. खजिनदार खोकले. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांचा एक मोठा गुण असा की सिद्ध झालेली गोष्ट ते नाकारत नाहीत, मग ती स्वतःवर का शेकेना. "हो," ते गंभीरपणे म्हणाले. "ओघानंच येतं ते. मीही वधूच."

पाळकांनी हसू दाबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, मग हे वाचन तुम्हीच बसवा. तुम्ही विज्ञानाच्या. तुम्हाला संकोच वाटणार नाही."

विज्ञान शिकलेल्या माणसाला संकोच वाटत नाही, हा समज कोणी पसरवला मला माहीत नाही. आमच्या वर्गात पुनरुत्पादनाचा धडा शिकवणाऱ्या बाई तो पूर्ण तास खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहून शिकवत. त्या झाडाची मला अजून संपूर्ण माहिती आहे.

घरी येऊन यांना सांगितले. हे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढतात. कुठली नळी कुठल्या रस्त्याखालून जाते ते यांना पाठ असते, पण चारचौघांत उभे राहून बोलणे यांना साफ नामंजूर.

"तुलाच का दिलं?" यांनी विचारले.

"मी प्रश्न विचारला."

"मग बरोबर," असे म्हणून हे जेवू लागले. जेवण झाल्यावर ताट उचलून, हात धुऊन, मागच्या खोलीत गेले.

या मागच्या खोलीबद्दल सांगणे भाग आहे. आदल्या वर्षी यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. व्यवस्थित पार पडली. घरी आल्यावर यांना कुशीवर वळता येत नव्हते, म्हणून मागच्या खोलीत एकट्यापुरती खाट टाकली. तात्पुरती. पुढे जखम भरली, हे कामावर जाऊ लागले, बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या आणू लागले. खाट मात्र राहिली. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "जिने न थांबता चढता येतात ना? मग आता सगळं नेहमीसारखं सुरू करा. सगळं." दुसऱ्यांदा 'सगळं' म्हणताना ते समोरच्या कागदाकडे बघत होते. आम्ही दोघेही त्याच कागदाकडे बघत होतो. बाहेर आल्यावर यांनी विचारले, "म्हणजे मीठसुद्धा?"

मी म्हटले, "मीठ बेतानं."

त्यानंतर तो विषय निघाला नाही. यांना मागची खोली आवडू लागली होती, की यांना भीती वाटत होती, की मला भीती वाटते असे यांना वाटत होते, हे मला कळायला मार्ग नव्हता. मार्ग होता, पण तो विचारण्याचा होता. भर सभेत हेडमास्तरांना वधू ठरवणाऱ्या मला स्वतःच्या घरात एक वाक्य विचारता येत नव्हते. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर नवऱ्याला काय विचारावे, 'अहो, तुम्ही परत इकडे झोपायला येणार आहात का?' आणि ते 'नको' म्हणाले तर? नमुना तपासायला पाठवलाच नाही, तर निदान वाईट अहवाल तरी येत नाही.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठले. काकू आमच्याच मंडळीतल्या. सभेतली गोष्ट त्यांना माझ्याआधी कळली असावी.

"काय गं, ते तसलं वाचायला लावणार म्हणे तू आम्हाला?"

"शास्त्रातलंच आहे, काकू."

"मला सांगतेस? आमच्या आईनं घरच्या शास्त्रातली तेवढी पानं पिनेनं टाचून ठेवली होती. मुलांनी वाचू नयेत म्हणून."

"मग?"

"मग काय! अख्ख्या ग्रंथात नेमकं कुठं उघडायचं ते आम्हाला त्या पिनेमुळंच कळलं. पाठ आहे मला." काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "माझं ऐक. भरभर वाचायचं. मधे थांबायचं नाही. थांबलं की लोक विचार करायला लागतात. आणि तुमचं बरं चाललंय ना?"

"यांची तब्येत चांगली आहे."

"तब्येतीचं नाही विचारत. पुढच्या खोलीत तू खोकतेस, मागच्या खोलीत तो खोकतो. मी खाली असते ना, मला दोन बाजूंनी ऐकू येतं."

मी म्हटले की हवा कोरडी आहे. काकूंनी मान डोलावली, पण ती मान हवेबद्दल नव्हती. आपल्या संसाराचा आराखडा खालच्या मजल्यावर खोकल्यावरून तयार होत आहे हे कळले की माणसाला खोकायचीही चोरी होते. त्या आठवड्यात मी दोनदा उशीत तोंड खुपसून खोकले.

पाळकांनी मला भाष्यांचे जाडजूड ग्रंथ आणून दिले. मी जेवणाच्या टेबलावर रंगीत पेन्सिली घेऊन बसले. त्या काव्यात कोण केव्हा बोलते हे लिहिलेले नाही, ते ओळखावे लागते. वराला निळा रंग दिला, वधूला लाल, मैत्रिणींना हिरवा. जिथे ठरेना तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. भाष्यकारांचे आपसांत काडीचे जमत नव्हते. एक म्हणत होता, हे सरळ नवराबायकोचे प्रेम आहे आणि देवाने ते मुद्दाम दिले आहे. दुसऱ्याने वधूच्या एकेका अवयवामागे एकेक सिद्धांत लावला होता. दात म्हणजे उपदेशक, मान म्हणजे श्रद्धा, आणि पुढचे सांगताना त्याची वाक्ये फार लांब होत गेली होती. एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती नुसती निरीक्षण म्हणून नोंदवते: सगळ्यांत सविस्तर भाष्ये ज्यांनी कधीच लग्न केले नाही अशांची होती. विवाहित भाष्यकारांनी थोडक्यात आटोपले होते.

हे पाणी प्यायला आले आणि माझ्या मागे उभे राहिले.

"निळं म्हणजे कोण?"

"वर."

"म्हणजे प्रभू?"

"हेडमास्तरांच्या मते. पाळकांच्या मते नवरासुद्धा. कुणाचं बरोबर ते मला ठरवता येत नाहीये."

यांनी एका निळ्या ओळीवर बोट ठेवले. "आम्ही नकाशा काढतो," हे म्हणाले, "तेव्हा नळी कागदावर असते. पण ती जमिनीत खरोखर नसेल तर नकाशाला काही अर्थ नाही. देवाचं प्रेम नवराबायकोच्या प्रेमासारखं आहे असं म्हणायचं, तर आधी हे प्रेम चांगलं असायला नको का?"

इतके लांब वाक्य मी यांच्या तोंडून शस्त्रक्रियेनंतर प्रथमच ऐकले. मी वळून काही बोलणार तोच हे पेला विसळून आत गेले. ते कागद मी टेबलावरच ठेवत असे. सकाळी ते थोडे सरकलेले असत. मला वाटले, वारा.

यानंतर छापखान्याचे विघ्न. वाचनाच्या प्रती छापायला दिल्या. छापखानेवाल्याने पहिला कच्चा कागद आणून दाखवला तो चारी बाजूंनी लाल बदामांची नक्षी काढून.

"हे काय?"

"लग्नपत्रिका आहे ना बाई? वर-वधू लिहिलंय. फक्त नावं राहिलीत आणि मुहूर्त राहिलाय."

"हे शास्त्रातलं वाचन आहे."

त्याने कागद परत घेऊन वाचला. जरा जास्तच वेळ वाचला. "शास्त्रातलं?" तो म्हणाला. "आमच्याकडं लग्नपत्रिका छापतात ते लोक इतकं नाही लिहीत हो." मग आवाज खाली आणून, "बदाम काढू की फक्त लहान करू?"

मी काढायला सांगितले. चर्चच्या दारात मोठा गठ्ठा येऊन पडला तेव्हा बदाम गेले होते, पण त्यांच्या जागी कोपऱ्यात एकेक गुलाब आला होता. त्याच्या मते त्याशिवाय कागद उघडा दिसत होता.

दुसऱ्या सभेत नवी हरकत निघाली. पहिल्या सभेत ठरल्याप्रमाणे सगळी मंडळी वधू आणि पाळक एकटे वर, हे तर्काला धरून असले तरी तरुण पाळकांनी अख्ख्या चर्चला उद्देशून तसल्या ओळी म्हणणे बरे दिसणार नाही, असे खजिनदारांचे म्हणणे पडले. त्यापेक्षा दोनतीन पोक्त जोडप्यांनी वाचावे. ते मान्य झाले. मग हेडमास्तर म्हणाले, "पण आपापल्या बायकोला उद्देशून नको. ते फार घरगुती होईल. लोक अर्थाकडं न बघता माणसांकडं बघतील." म्हणून समितीने एकमताने ठरवले की प्रत्येक पुरुषाने दुसऱ्याच्या बायकोसाठी वाचावे. शालीनता राखण्यासाठी. हा ठराव मी स्वतः लिहून घेतला, आणि लिहिताना माझा हात दोनदा थांबला, पण मी काही विचारले नाही. आदल्या सभेने मी शहाणी झाले होते.

तालीम शनिवारी संध्याकाळी ठेवली. हेडमास्तर काकूंसमोर, आणि काकूंचे यजमान, म्हणजे काका, हेडमास्तरांच्या बायकोसमोर. हेडमास्तरांची बायको म्हणजे मास्तरीणबाई. इतक्या वर्षांत त्यांनी चर्चमध्ये गाण्याखेरीज तोंड उघडल्याचे कोणाला आठवत नाही. हे कुठेच नव्हते. यांनी खुर्च्या लावण्याचे काम मागून घेतले होते.

हेडमास्तरांनी कागद हातभर लांब धरून प्रमेय सांगावे तशा स्वरात सुरुवात केली. पहिल्या ओळीत काकूंचे डोळे आले. दुसऱ्या ओळीत केस. काकू आधी लाल झाल्या, मग त्यांनी केस सारखे केले.

काकांना कमी ऐकू येते. "काय म्हणतोय तो?" त्यांनी विचारले.

"काकूंचे डोळे!" खजिनदार त्यांच्या कानात ओरडले.

"काय झालं डोळ्यांना? कालच तर चष्मा बदलून आणलाय."

"छान आहेत म्हणतायत!"

"कोण?"

"हेडमास्तर!"

काका उभे राहिले. "मी इतकी वर्षं बघतोय ते डोळे. मी कधी काही बोललो? मग हा कोण बोलणारा?"

"अहो, वर म्हणजे प्रभू," हेडमास्तर घाईघाईने म्हणाले, "आणि तुमच्या सौभाग्यवती म्हणजे मंडळी—"

"ती मंडळी नाही. ती माझी बायको आहे!"

"आज आठवलं," काकू म्हणाल्या.

या गोंधळात एक बारीक आवाज आला. "थांबा. वाचू द्या त्यांना." मास्तरीणबाई उभ्या होत्या. "मला ऐकायचंय. यांना असं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं."

"अगं, हे छापलेलं आहे," हेडमास्तर म्हणाले.

"छापलेलंच वाचा. पण माझ्याकडं बघून वाचा."

हेडमास्तर वळले. त्यांनी कागद पुन्हा लांब धरला, तोंड उघडले, आणि आयुष्यभर हजार मुलांसमोर न अडखळलेला तो आवाज पहिल्याच शब्दावर अडला. त्यांनी घसा साफ केला. पुन्हा अडला. मास्तरीणबाई वाट बघत उभ्या राहिल्या. आम्ही सगळे छताकडे पाहू लागलो. छताला एक गळती आहे, ती त्या दिवशी समितीच्या प्रथमच नीट लक्षात आली.

इतिवृत्तात मी लिहिले: तालीम अपूर्ण राहिली. वधू म्हणजे संपूर्ण मंडळी व वर म्हणजे पाळक, हा मूळ ठराव कायम.

घरी परतताना हे म्हणाले, "मास्तरांना जमलं नाही."

"नाही."

"अवघड असतं ते."

"काय?"

"बघून वाचणं."

जिन्यावर हे पुढे होते. आमच्या दाराशी थांबले. मला वाटले दम लागला. मी पटकन पुढे होऊन यांचे मनगट धरले. हे किल्ली शोधत होते. किल्ली शोधायची थांबवून हे तसेच उभे राहिले. यांनी हात सैल सोडला होता.

"नाडी बघतेस का?" थोड्या वेळाने यांनी विचारले.

"हो."

"बरं," हे म्हणाले, आणि किल्ली सापडली. मी हात सोडला. दार उघडून आत गेल्यावर, दिवा लावल्यावर, चपला जागेवर ठेवल्यावर माझ्या डोक्यात आले की यांना ती नाडी वाटली नसावी. पण तोपर्यंत मागच्या खोलीचे दार लोटले गेले होते. ठोके नियमित होते, एवढी माझी कमाई.

विवाहितांच्या रविवारी सकाळी पाळकांचा फोन आला. त्यांच्या बायकोचे दिवस भरत आले होते. पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या आणि ते इस्पितळात होते. "ताई, वराच्या ओळी दुसऱ्या कुणाला तरी द्या," ते म्हणाले. मागे कोणीतरी त्यांना जोरात हाक मारली आणि फोन बंद झाला.

उपासनेआधी समिती मागच्या दालनात जमली. बाहेर मंडळी बसू लागली होती, प्रत्येकाच्या हातात गुलाबवाला कागद.

"हेडमास्तर, तुम्ही वाचा," खजिनदार म्हणाले.

"अशक्य. वर म्हणजे प्रभू. मी प्रभूच्या जागी उभा राहू शकत नाही. मी वधूपैकी आहे." हे त्यांनी इतक्या गांभीर्याने सांगितले की कोणी हसले नाही.

खजिनदारांचा घसा त्याच क्षणी बसला. काका म्हणाले, "मी वाचतो, पण समोरचे कधी थांबले ते मला कुणीतरी चिमटा काढून सांगा." काकूंनी त्यांना तिथेच चिमटा काढून बसवले. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले, जणू पाळकांच्या बायकोच्या कळाही मीच सुरू केल्या होत्या. वाचन रद्द झाले असे फळ्यावर लिहिण्यासाठी मी खडू उचलला.

"मी वाचतो."

हे दारात उभे होते. हातात घडीची खुर्ची होती.

"तुम्ही?" मी म्हटले. "इतक्या लोकांसमोर? तुम्हाला त्रास झाला तर?"

"झाला तर तू आहेस ना समोर," हे म्हणाले आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली.

मी मंडळीत पुढच्या ओळीत बसले. हे व्यासपीठावर चढले. माझे लक्ष यांच्या ओठांच्या रंगाकडे होते, खांद्यांच्या हालचालीकडे, श्वास किती उथळ आहे त्याकडे. यांनी वराच्या पहिल्या ओळी कागदात तोंड घालून वाचल्या. आम्ही सगळ्यांनी वधूचे उत्तर दिले. इतके पुरुष वधूच्या ओळी म्हणत होते की वधूला बराच घोगरा आवाज आला होता. त्यात हेडमास्तरांचा खर्ज वेगळा कळत होता. ते सिद्धतेशी प्रामाणिक राहून एकही शब्द गाळत नव्हते.

मग यांनी कागदाची घडी केली. मला वाटले, आता बंद करणार. यांनी घडी खिशात ठेवली, मान वर केली आणि माझ्याकडे बघून पुढच्या ओळी म्हटल्या. पाठ. एका शब्दाची चूक नाही. टेबलावरचे कागद वाऱ्याने सरकत नव्हते, हे मला तेव्हा कळले.

मंडळीने उत्तर द्यायला सुरुवात केली, पण ती पूर्वीसारखी जोरात नव्हती. पुढच्या उत्तराला मागच्या बाकांवरचे आवाज गळाले. त्यापुढच्या उत्तराला आमच्या ओळीतले. कोणी ठरवून गप्प बसले नाही. हे कोणाशी बोलत आहेत ते लोकांना दिसत होते, एवढेच. शेवटपर्यंत फक्त एक खर्ज माझ्याबरोबर राहिला. मग मास्तरीणबाईंचे कोपर हललेले मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले, आणि तोही थांबला.

मी एकटी वाचत होते. उठून उभी केव्हा राहिले ते आठवत नाही. काकू नंतर म्हणाल्या की मी सुरुवातीला पाण्यात क्षार किती ते सांगावे तशी वाचत होते. शेवटी शेवटी मात्र तसे नव्हते, असेही त्याच म्हणाल्या. मला माझ्याबद्दल सांगता येणार नाही. एवढेच सांगते की मधे केव्हा तरी मी यांचे श्वास मोजायचे थांबवले होते.

उपासनेनंतर बातमी आली की पाळकांना मुलगी झाली. सगळे तिकडे वळले म्हणून आम्ही निसटलो. जिना चढताना या वेळी मी पुढे होते. दारात पोचल्यावर वळून विचारले, "दम लागला?"

"लागला."

"जिन्यामुळं?"

"नाही."

आत आलो. दुपारचे ऊन बैठकीत आले होते. हे खुर्चीवर बसले, मी उभी राहिले. आता नाही विचारले तर पुन्हा कधीच नाही, हे मला समजत होते.

"तुम्ही मागच्या खोलीत का झोपता?"

हे दचकले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "इस्पितळातून आलो तेव्हा दार उघडं असायचं. तू रात्रभर जागी राहून माझा श्वास ऐकायचीस. मला कळायचं. म्हटलं, मी तिकडंच राहिलो, दार लावून घेतलं, तर हिला झोप तरी लागेल."

"झोप?" मी म्हटले. "दार लावल्यावर इकडं नीट ऐकू येत नाही. कान लावून ऐकावं लागतं. मी तेव्हापासून जास्त जागते."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. यांनी चष्मा काढला. "म्हणजे इतके महिने..."

"हो."

"मला वाटलं, तुला माझी भीती वाटते. म्हणजे, मला काही झालं तर, अशी."

"वाटते," मी म्हटले. "पण तुम्ही तिकडं असलात तरी तेवढीच वाटते. मग इकडंच या."

हे उठले, मागच्या खोलीत गेले आणि काखेत उशी घेऊन परत आले. पाहुण्यासारखे दारात थांबले. "आत्ता? दुपारी?"

"डॉक्टर सगळं म्हणाले होते. वेळ काही लिहून दिली नव्हती."

मी पडदा ओढला. यांनी उशी माझ्या उशीशेजारी ठेवली, किंचित तिरकी, मग सरळ केली. मी या वेळी मनगट धरले नाही, हात धरला. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

आम्ही निश्चल झालो. घंटा पुन्हा वाजली.

"बाई!" हेडमास्तरांचा आवाज आला. "इतिवृत्तात एक दुरुस्ती करायची आहे! मी वाटेत विचार केला. एकाच काव्याचे दोन्ही अर्थ खरे असू शकतात. प्रभू आणि मंडळी हाही, आणि पती-पत्नी हाही. पहिला दुसऱ्यावरच उभा आहे. मी हे मान्य करतो. आजच्या तारखेला नोंदवून घ्या!"

चिटणीस झाल्यापासून मी समितीच्या माणसाला कधी दारात उभे ठेवलेले नाही. हे माझ्याकडे बघत होते, मी काय करते ते. मी काहीच केले नाही.

"घरात नाहीत वाटतं," खाली कोणीतरी म्हणाले.

"आहेत की," हा काकूंचा आवाज. "आत्ताच वर गेले दोघं. मी स्वतः—" आणि काकू मधेच थांबल्या. त्या वाक्य अर्धे सोडून थांबल्याचे मी प्रथमच ऐकले. "हेडमास्तर," त्या अगदी वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही असं करा, आमच्याकडं चहा घ्यायला या."

"पण दोघंही घरात आहेत तर दार का उघडत नाहीत? मुद्दा महत्त्वाचा आहे. मी त्यांना तो सिद्ध करून—"

"चला हो तुम्ही," मास्तरीणबाई म्हणाल्या.